डांगर म्हणजे भोपळा नव्हे

तिरुवैयारु, ३ जुलै २०२५

ती. श्रीनिवासअण्णांस,
वाणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही माझ्याच व्याकरणाच्या चुका काढता, म्हणून पत्र बरं. गेल्या रविवारी तुम्ही येऊन गेलात, तेव्हापासून शेषम्माआत्या गप्प आहे. आपल्या तंजावरी मराठीतले घरगुती शब्द तिच्याइतके आता कुणालाच येत नाहीत, म्हणून तर तुमच्या शब्दकोशासाठी तुम्ही तिच्यापुढे वही घेऊन बसलात. पण ती शब्द सांगायची आणि तुम्ही पुण्याचा कोश उघडून तो सुधारायचात. डांगरापुढे चक्क लाल भोपळा लिहिलात! अहो, भाजलेल्या उडदाचं पीठ ते. ताकात कालवलेली त्याची पच्चडी आपण दोघांनी भांडून खाल्ली आहे. आता काही विचारलं की आत्या म्हणते, श्रीनूला विचारा, त्याला सगळं ठाऊक आहे.

डॉक्टरांच्या मते तिची आठवण झपाट्याने चालली आहे. मला भीती वाटते, अण्णा.

लोभ आहेच, थोडा रागही आहे; दोन्ही गोड मानून घ्या.

तुमची,
वाणी

तंजावूर, ७ जुलै २०२५

चि. वाणीस अनेक आशीर्वाद.

भोपळा ही माझी चूक, मान्य. पण एका भोपळ्यावरून एवढं आकांडतांडव नको. चाळीस वर्षं शाळेत पोरांची वाक्यं दुरुस्त केली. हात आपोआप जातो. निवृत्तीनंतर हा कोश एवढंच माझं म्हणावं असं आहे. तो अशुद्ध निघाला तर पुण्याची माणसं हसतील.

तुझी हरिता आत्याचं बोलणं मोबाइलवर टिपते आणि तमिळ अक्षरांत मराठी लिहिते, असं तुझ्या वहिनीकडून कळलं. आपल्या लेकीला आधी थांबव. तमिळ लिपीत क, ख, ग, घ सगळे एकाच अक्षरात. त्या लिखाणाचा उपयोग काय? रविवारी मी प्रश्नांची यादी घेऊन येतो. आत्याला नाश्ता देऊन तयार ठेव.

प्रकृतीस जप, आणि माझं ऐक.

तुझा,
अण्णा

तिरुवैयारु, १० जुलै २०२५

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

आत्याला परीक्षेला बसवायचं असेल तर येऊ नका. स्पष्ट लिहिते, माफ करा.

हरिता काही विचारतच नाही. स्वयंपाकघरात भेंडी चिरत बसते आणि मोडक्यातोडक्या मराठीत बोलते. ती चुकली की आत्याला हसू फुटतं, मग आत्याच तिला सुधारते. परवा तासभर बोलली. त्यातले कितीतरी शब्द मलाही नवे होते.

आणि काल संध्याकाळी आत्याने मला ओळखलं नाही. सख्ख्या भाचीला! कुठल्या घरची म्हणून विचारलं. शब्द अजून आहेत, माणसं आधी निघाली. मी मागच्या दारी जाऊन रडले.

कोश पूर्ण व्हायला हवा, की तुमच्याच हातून पूर्ण व्हायला हवा, एवढं ठरवा. दिवस फार नाहीत.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
वाणी

तंजावूर, १४ जुलै २०२५

चि. वाणीस आशीर्वाद.

शनिवारी तुझं पत्र मिळालं आणि मी भयंकर चिडलो. तुला चार शब्द सुनावायचे म्हणून काल सकाळी बसस्टँडवर गेलोसुद्धा. बस यायला वेळ होता, म्हणून प्रश्नांची यादी काढून वाचली. बहुतेक प्रश्नांपुढे उत्तरं मीच लिहून ठेवली होती. आत्याने नुसतं हो म्हणायचं होतं. मला फार लाज वाटली. बस आली, गेली. मी घरी परतलो.

वही सोबत पाठवली आहे, ती हरिताला दे. तमिळ अक्षरांत लिहू दे. ख आणि घ यांचं मी नंतर बघतो. नाही, तेही तिलाच बघू दे. कोशावर नाव कुणाचं, हे मात्र इतक्यात विचारू नकोस. ते अजून जड जातं.

आत्याला बघावंसं फार वाटतं. पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही, म्हणून हरिताचं काम होईतो येत नाही. तोवर ती मलाही विसरेल, हे कळतं मला.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांग. आत्याला मात्र माझा नमस्कार सांगू नकोस. माझं नाव ऐकलं की ती बोलायची थांबेल.

तुझा,
अण्णा