मंजुरीच्या पायरीवर दुसरा माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य माहिती अधिकारी,
टॅमरॅक काउंटी प्रशासन, तिसरा मजला,
मिनेसोटा.

विषय: अ‍ॅप प्रत्यक्ष वापरात नेण्यापूर्वीच्या मंजुरीसाठी माझ्याखेरीज एक हयात माणूस नेमण्याबाबत.

संदर्भ: 'नागरिकांना अनाहूत संदेश' या विषयावरील आपले ताकीदपत्र.

महोदय,

आपले ताकीदपत्र पोचले. त्यातील दोन्ही ठपके मला मान्य आहेत. त्यामुळे हा अर्ज खुलासा म्हणून वाचू नये, मागणी म्हणून वाचावा, एवढे आधीच सांगते.

१. मी तळमजल्यावर बसते. रस्त्यावरचा बर्फ काढून मागणे, कुत्र्याचा परवाना, गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची झोपडी टाकण्याची नोंद, असली लहान अ‍ॅप मी बनवते. यात कोड फारसा लिहावा लागत नाही, तयार तुकडे जुळवले की झाले. अ‍ॅप एकीकडे बनते, दुसरीकडे तपासले जाते आणि तिसरीकडे लोक ते वापरतात. या तिन्हींना आम्ही खोल्या म्हणतो. पूर्वी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अ‍ॅप मी स्वतः हलवत असे, आणि श्री. वेंडेल निस्कानेन ते तपासून हो म्हणत किंवा नाही म्हणत. बहुधा नाहीच म्हणत.

२. श्री. निस्कानेन यांचे टेबल माझ्या टेबलाला लागून होते. त्यांचे शेरे कार्यालयीन भाषेत कधीच नसत. "मार्लिस, हे बटण एवढुसं ठेवलंयस, हातमोजे काढून दाबायचं का लोकांनी? उणे तीस आहे बाहेर!" असे ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मी चिडत असे. त्यांचे बरोबर असे, म्हणून आणखी चिडत असे. मग ते निवृत्त होऊन मुलीकडे ॲरिझोनाला गेले आणि त्यांची जागा भरण्याऐवजी आपण अ‍ॅप हलवण्याचे काम यंत्राकडे दिले.

३. यंत्राबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मी एक कळ दाबते. पुढे तपासणी, हलवाहलव, प्रत्येक खोलीचे वेगळे पत्ते घालणे, सगळे ते न चुकता करते. फक्त मधली एक पायरी माणसाची राहिली: कोणीतरी मंजुरी द्यायची. नियम असा की ज्याने अ‍ॅप पाठवले त्याने स्वतः मंजुरी देऊ नये. तळमजल्यावर तर मी एकटी. तेव्हा आपल्या कार्यालयाने तात्पुरती सोय म्हणून मला दुसरे खाते उघडून दिले. तेव्हापासून 'मार्लिस कोस्केला आपल्या मंजुरीची वाट पाहत आहेत' असा निरोप मार्लिस कोस्केला यांना येतो. मी त्यांना थांबवून ठेवत नाही. वाट पाहणे कसे असते ते मला ठाऊक आहे.

४. आता मूळ प्रकरण. बर्फाच्या अ‍ॅपमध्ये 'आज आपल्या रस्त्यावर गाडी येईल' असा निरोप जातो. तो तपासताना त्या जागी काहीतरी मजकूर लिहावा लागतो. मी लिहिले, 'मी मार्लिस. कोणी आहे का?' चाचणीच्या खोलीत हा निरोप फक्त माझ्या दोन्ही खात्यांना जातो. मजकूर बदलायचे मी विसरले आणि कळ दाबली. दुसऱ्या खात्यातून नेहमीसारखी मंजुरीही दिली. यंत्राने नेमून दिल्याप्रमाणे चाचणीचे पत्ते काढले, खरे पत्ते घातले आणि बर्फ काढून मागणाऱ्या साऱ्या काउंटीला विचारले की कोणी आहे का.

५. उत्तरे आली. "आहोत की! तुमची गाडी तेवढी नाही," असे एकाने कळवले. "कुठली मार्लिस? आमच्या नॉर्माची नणंद का?" अशी एक चौकशी आली. एका गृहस्थांनी लिहिले, "तळ्यावर आहे. मासा काही लागेना. झोपडीत शेगडी पेटवलीय, एक खुर्ची रिकामी आहे, यायचं तर ये." आणि लेक रोडच्या श्रीमती डेल्फिन आहो, वय नव्वदीच्या पुढे, यांनी लिहिले, "आहे गं पोरी. रस्त्याचं राहू दे. तू जेवलीस का?"

मी सर्वांना उत्तरे लिहिली. कार्यालयीन वेळ खाजगी पत्रव्यवहारात घालवल्याचा आपला दुसरा ठपका त्याबद्दलच आहे. मी जेवले नव्हते, हेही मी श्रीमती आहो यांना खरे ते कळवले. त्यांनी बटाटे आणि खिम्याचे हॉटडिश ओव्हनमध्ये कसे भाजावे ते सविस्तर लिहून पाठवले आहे. एकट्या माणसाने ते केले तर आठवडाभर पुरते, हे मात्र त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

६. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून मंजुरीची पायरीच काढून टाकण्याचे आपण ताकीदपत्रात सुचवले आहे. माणूस चुकतो, सबब माणूस नको, असा त्याचा अर्थ होतो. महोदय, हा आजारापेक्षा उपाय भयंकर झाला. यंत्राने अ‍ॅप चालते का ते पाहिले, आणि ते चालत होतेच. त्या पायरीवर दुसरे कोणीही असते, अगदी आपल्या मजल्यावरचा नवखा कारकून असता, तरी त्याने तो मजकूर वाचला असता आणि कळ दाबली नसती. श्री. निस्कानेन असते तर त्यांनी खुर्ची वळवून विचारले असते, "हे काय लिहिलंस गं? बरं आहे ना तुझं?"

मला ते कोणीतरी विचारायला हवे होते. आपण तज्ज्ञांकडून या प्रकरणाची चौकशी करवली. पत्ते कसे बदलले, मजकूर का बदलला नाही, मंजुरी कोणत्या खात्यातून गेली, सगळे अहवालात आले आहे. हेच वाक्य मी का लिहिले, हे त्यात कुठेही विचारलेले नाही. सहज सुचले, असे म्हणून मी वेळ मारून नेली असती. पण ते खरे नाही. त्या खोलीत मी रोज हेच लिहीत होते.

७. सबब विनंती की पायरी राहू द्यावी आणि तिथे दुसरा माणूस द्यावा. त्याला अ‍ॅपमधले काही कळत नसले तरी चालेल. त्याने वाचावे, आणि पटले नाही तर नाही म्हणावे. शक्य झाल्यास मोठ्याने.

८. कर्मचाऱ्यांचे अर्ज आता संगणकावरूनच करायचे आहेत, हे मला माहीत आहे, कारण ते अ‍ॅपही मीच बनवले. तळमजल्यावरचा अर्ज तिथे टाकला की प्रथम मंजुरीसाठी माझ्या दुसऱ्या खात्यात येतो. म्हणून हा कागदावर लिहिला आहे आणि मी स्वतः जिना चढून घेऊन येणार आहे. आपण कामात असाल तर दाराबाहेर थांबेन. मागणी नामंजूर करायची असल्यास तसे पत्र पाठवू नये, कृपया बाहेर येऊन तोंडी सांगावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली विश्वासू,

मार्लिस कोस्केला
(सही एकाच व्यक्तीची आहे.)
तळमजला, दि. ११ फेब्रुवारी