पेटीच्या सिनेमातला रिकामा चौकोन

बाबा,

आमच्या कॉलेजातली मुलं सिनेमा करतायत, आणि त्यात तुमची पेटी चोरीला जाते. तुमची म्हणजे भजनी मंडळाची. पण गावात तिला सगळे मास्तरांची पेटीच म्हणायचे, त्यामुळे मीही तेच म्हणते. जिल्ह्यात कसलीशी शॉर्टफिल्मची स्पर्धा आहे, वीस मिनिटांची मर्यादा, आणि कुडाळच्या आमच्या कॉलेजात सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात असल्याने पोरं माझ्याकडे आली. मी म्हटलं, स्वच्छतेवर करा, पाण्यावर करा. ती म्हणाली, थ्रिलर करायचाय. घ्या. मग मीही कुठे कुठे वाचून त्यांना चार गोष्टी शिकवल्या: प्रत्येक पात्र निदान एक मिनिट तरी गुन्हेगार वाटलं पाहिजे, आणि प्रेक्षकाला जे दाखवाल त्याचा खुलासा शेवटी दिलाच पाहिजे. फळ्यावर लिहून दिलं. आपणच खणलेला खड्डा म्हणतात तो असा.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी बांगडा घेताना कल्ले उघडून बघते, ते लालभडक दिसले तर आणखीनच संशय येतो. निबंध चांगला उतरला की कुठून ढापला ते शोधते. घराला कुलूप लावून फाटकापर्यंत जाते आणि परत येऊन ओढून बघते. तर गोष्टीचा कागद हातात आला तेव्हा दुसऱ्या पानावरून मी परत पहिल्यावर गेले. देवळाच्या कोठीतून सप्ताहाच्या तोंडावर पेटी नाहीशी होते. चावी एका शाळामास्तराकडे. मास्तर पेटी वाजवतो. गोष्ट लिहिणारी मुलगी बारावीची, इथे होस्टेलला राहते, दोन वेण्या आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघायची सवय. गाव विचारलं तर आपलाच. आजोबा काय करतात विचारलं तर म्हणाली, "आता काही नाही. पूर्वी पखवाज वाजवायचे." तुमच्या पखवाजवाल्याची नात, बाबा. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, गाव सोडूनही जन्म गेला, तिला मी कोण ते कळायचं कारण नव्हतं. म्हणूनच मला वाटायला लागलं की तिला कळलेलं आहे.

पेटी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्हाला सगळं माहीत आहे, एक सोडून. आदल्या दिवशी दुपारी गाव जेवून आडवा झालेला असताना तुम्ही चावी घेऊन देवळात गेलात आणि चादरीत काहीतरी गुंडाळून घरी आणलंत. भजनाच्या जुन्या वह्या होत्या त्या, वाळवी लागलेल्या. सप्ताहाच्या आत नव्याने उतरवून काढायच्या आणि मंडळाला चकित करायचं, असा तुमचा बेत. तो तुम्ही फक्त पखवाजवाल्या काकांनाच सांगितला होता. मला तर चादरीत काय आहे तेही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मानकरी वाटेत भेटले, त्यांनी माझ्या हातावर खाजं ठेवलं आणि सहज विचारलं, "बापूस खंय होतो गो दोपारी?" मी फुशारकी मारली. दुसऱ्या कुणाच्या बापाला देवळाची कोठी उघडता येत नव्हती ना! म्हटलं, "देवळात. चादरीतसून मोठा कायतरी हाडल्यानी." खाजं खात खात घरी आले. आई चुलीपुढे सोलकढीसाठी नारळ पिळत होती, तिने हात धुऊन ये म्हटलं, मी धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी पेटी नाही म्हणून बोंब झाली, तुमची दुपारची चादर सांजेपर्यंत गावभर झाली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी गाव देवळात बसला. मी खांबाला टेकून उभी आहे. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मानकरी मोठ्याने विचारतात, "चावी जेच्याकडे आसा तेच्या हातान पेटी गेली काय रे म्हाराजा?" आणि तुम्ही, ज्यांनी त्या मंडपातल्या निम्म्या माणसांना बाराखडी शिकवली, ते पांढऱ्या सदऱ्यात हात जोडून समोर उभे. पाकळी पडत नाही. ना उजवी ना डावी. पुन्हा पाणी लावतात, पुन्हा विचारतात, तीनदा. देवाने कौल दिला नाही. तो काही बोलला नाही, पण गाव मात्र उठताना आपापलं उत्तर घेऊन उठला. वह्या दाखवून सुटायचं तुमच्या स्वभावात नव्हतं. त्या सप्ताहाला तुम्हाला कुणी वाजवायला बोलावलं नाही. दुसऱ्या वाडीतून उसनी पेटी आणि उसना वाजवणारा आणला.

शिमग्यानंतर ती पेटी कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात जुन्या सामानवाल्याकडे सापडली. कोठीच्या मागच्या खिडकीचा गज काढून कुणा परगावच्याने नेलेली. मंडळाने निरोप पाठवला, मास्तर वाजवायला या, जसं काही झालंच नाही. तुम्ही सांगितलंत, हात दुखतो. तो हात मग कायमचा दुखला. वर्षभरात ओरोसला बदली करून घेतलीत. आणि चावी तुमच्याकडे आहे हे गावाला ठाऊक होतं, पण दुपारचं एकट्या काकांनाच ठाऊक होतं, म्हणून तुम्ही ठरवलंत की चुगली त्यांनी केली. ते दोनदा ओरोसला आले. दोन्ही वेळा तुम्ही आतल्या खोलीत बसून राहिलात आणि चहा मी नेऊन दिला. मला तेव्हा कळायला लागलं होतं. पहिल्यांदा बारा वर्षांची होते, दुसऱ्यांदा चौदा.

आता हा सिनेमा. मुलांनी मराठी विभागाच्या भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्यावर चौकोन काढले, कोण किती वाजता कुठे होतं. मास्तर, गुरव, मानकरी, पखवाजवाला, चोर. सगळ्यांना तीरांनी जोडलेलं. एक चौकोन रिकामा, त्यात नुसतं प्रश्नचिन्ह. मी विचारलं हे काय. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, चोर कोण हा सस्पेन्सच नाहीये. मास्तरांचं नाव मानकऱ्यांना कोणी सांगितलं, हा आहे. त्याच्यामुळे दोन मित्र तुटले." मी म्हटलं, मग आजोबांना विचार की. ती हसली. "विचारलं. सांगत नाहीत. म्हणतात, तुज्या बाईंका विचार, त्येंका सुचात."

तिथून पुढचे पंधरा दिवस मी पोलीस आणि चोर दोन्ही होते. म्हाताऱ्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर नातीला माझ्याच कॉलेजात कशी पाठवली? गोष्ट माझ्याकडूनच तपासून घ्यायची ही कुणाची अक्कल? पोरगी कॉरिडॉरमध्ये 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाली तरी मला त्यात काहीतरी ऐकू यायचं. मी सिनेमा मोडायचे सगळे उपाय केले. म्हटलं, पेटीऐवजी सोन्याचा हार घ्या. म्हटलं, भूत टाका, लोकांना आवडतं. शेवटी म्हटलं, त्या चौकोनात गावातला कुणी दुकानदार लिहा आणि मोकळे व्हा. त्यांनी लिहिलंही. मी खाली सही केली. ज्या दुकानदाराने उभ्या जन्मात काही केलं नव्हतं त्याच्यावर मी लाल पेनाने शिक्का मारला, आणि घरी येऊन चांगली जेवले.

शूटिंग गावात, काकांच्याच पडवीत. देवळात कौलाचं नाटक करायला देवस्थान समितीने नको म्हटलं, ते बरोबरच होतं, म्हणून परसातला एक काळा दगड धुऊन पडवीत मांडला होता. थर्माकोलच्या शीटवरून ऊन वळवून दगडावर टाकलं होतं, माईक बांबूला बांधून त्यावर पायमोजा चढवला होता. मी मोजकं बोलायचं ठरवून गेले होते. काका वाळलेत, शहाऐंशीचे झाले, पण बोटं अजून खांबावर ठेका धरतात. मला बघून म्हणाले, "येवा, बाई." एवढंच. मग पोरांना म्हणाले की गाऱ्हाणं घातल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. नारळ घेतला, विडा मांडला, आणि नाटकाच्या त्या दगडापुढे नाही तर अंगणातल्या तुळशीपुढे उभे राहिले. आम्ही सगळे मागे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली. असल्या कामात त्यांना फार उत्साह.

"आज ही पोरां जा काय करूक जमली हत, ता सुरळीत पार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "आनी कोणा लेकराच्या तोंडातसून नकळत शबूद गेलो आसात, तर तेचो दोष तेका लावू नको रे म्हाराजा!"

पोरं जोरात म्हणाली व्हय म्हाराजा. त्यांना काय, ती पुढचा शॉट लावायच्या घाईत. काका मागे वळले नाहीत, नारळ फोडला आणि पाणी तुळशीत ओतलं. माझे डोळे भरून आले आणि मी थर्माकोलच्या उजेडाला दोष देऊन पदर लावला.

दुपारी पोरं जेवायला बसल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "काका, तुमका कधीपासून म्हायत?"

"पेटी गेल्याची बोंब झाली, तेच सांजेपासून. मानकऱ्यानच सांगल्यान, मास्तराच्या चेडवान सांगल्यान म्हणान."

"मगे बाबांका कित्याक नाय सांगलात? दोनदा इलात ओरोसाक."

"सांगूकच येय होतंय. दोनय वेळा चाय घेवन तूच भायर इलस." ते खांबावर बोटं वाजवत होते. "मास्तराचो सोभाव म्हायत हा माका. तुका मारूचो नाय. पण तुज्याशी बोलाचो बंद झालो आसतो. माका काय, माजो पखवाज होतो. तेका पेटी नाय रवली, तू तरी रवाक व्हयी होतस."

मग म्हणाले, "म्हणान नातीक सांगलंय, बाईंका विचार. म्हटलंय, आता मोठी झाली, आपणच लिवीत काय ता."

म्हणजे माझा संशय खरा होता, बाबा, सापळाच होता तो. फक्त पकडायला नाही, सोडवायला लावलेला, आणि असला सापळा मी कधी बघितला नव्हता. संध्याकाळच्या आत मी दुकानदार खोडला. मुलीला सांगितलं, त्या चौकोनात नऊ वर्षांची मुलगी लिही, मास्तरांचीच, आणि तिच्या हातात खाजं दे. तिने टाळी वाजवली. "काय भारी सुचलं मॅडम!" ती मुलगी म्हणजे मी, हे मी सांगितलं नाही. तिनेही कसं सुचलं विचारलं नाही. त्यावरून मला वाटतं तिला कळलेलं असणार, पण या बाबतीत माझ्या वाटण्यावर फार विसंबू नका.

इथे थांबले असते तर पत्र बरं झालं असतं. पण निघताना काका फाटकापर्यंत आले आणि मला विचारलं, "शेवटाक मास्तरान माजी आटवण काडल्यान काय गो?" मी म्हटलं, "नाय, काका." ते "बरा" म्हणाले आणि फाटक ओढून घेतलं.

तुम्ही काढली होती. तुमच्या शेवटच्या आठवड्यात, ओरोसच्या क्वार्टरच्या खिडकीशी खाट ओढून घेतली होती तेव्हा, तुम्ही बोटांनी उशीवर काहीतरी वाजवत होतात आणि म्हणालात, "तेका बोलावया काय गो? येतलो तो." मी म्हटलं, "कित्याक आता? तुमका तरास." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं असेल मुलगी जपते आहे. तुम्ही दोघं समोरासमोर बसाल आणि पाच मिनिटांत माझं नाव निघेल, याची मला भीती होती. काकांनी देवाकडे ज्या लेकराची माफी मागितली ते नऊ वर्षांचं होतं. खाटेशी उभी होते ती मी सव्वीस वर्षांची, पदवी घेतलेली, आणि मला सगळं कळत होतं.

हे तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला ते पोचणार नाही. ज्यांना पोचेल ते अजून आहेत, आणि त्यांच्या दारापर्यंत जाणारी बस कुडाळहून रोज सकाळी सुटते.