तारांसकट

अकोला,
६ सप्टेंबर २०२४

चि. रागिणीस,
सत्यभामा आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे. तुमच्या घरात फोन आला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते आणि माझं बोलणं दारातल्या भाजीवाल्यापर्यंत सगळे ऐकतात. हे तुझ्यापुरतं आहे.

परवा महादेव, तुझा बाप, अकोल्यात आला होता. जेवताना सांगून गेला की तू दातांना तार बसवून घेतलीस. पंचविशीची पोरगी, शाळेत गणित शिकवणारी, आणि आठवीतल्या पोरीसारखी तोंडात तार? मला राग आला, तो लिहिते. हे पुढे आलेले दात आपल्या घराण्याचे आहेत. माझ्या वडिलांचे होते, माझे आहेत, तुझे आहेत. मला पाहायला पाहुणे यायचे तेव्हा आई दारामागून खुणावायची की तोंड मिटून हस. मी तशीच हसत आले. लग्नाच्या फोटोत माझे ओठ असे आवळलेले आहेत की कोणी म्हणेल, हिच्या तोंडात पाणी भरलंय. तरी नोकरी केली, संसार केला, हे होते तोवर ह्यांच्याशी रोज भांडले. दातांनी कुठे अडवलं नाही.

मग तू हे कोणासाठी करते आहेस? पाहायला येणाऱ्यांसाठी? तसं असेल तर मला फार वाईट वाटेल. आमच्या वेळी तोंड मिटायला सांगत, आता दातच बदलून मागतात, एवढाच काय तो फरक झाला.

उत्तर दे, तिखट असलं तरी चालेल. माया आहे तेवढीच आहे, तूही ठेव.

तुझी,
आत्या


अमरावती,
१५ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तिखटच देते. पाहुण्यांसाठी मी साडीची निरीसुद्धा दुसऱ्यांदा घातली नसती, तार कुठली.

आत्या, माझे वरचे दात पुढे आहेत हे सगळ्यांना दिसतं. खालचे कुठे टेकतात ते कोणालाच दिसत नाही. तोंड मिटलं की ते वर टाळूत रुततात. तिथे कायम सोललेलं असतं. गरम वरण लागलं की डोळ्यांत पाणी येतं. निखाऱ्यावरचा टणक रोडगा मी पुढच्या दातांनी कधी तोडलेलाच नाही, आणि दिवसभर शिकवलं की कानाजवळ जबडा कटकट वाजतो. डॉक्टरीणबाईंनी दातांचा साचा घेतला आणि सांगितलं की दात वाकडे आहेत हे थोडं, वरचे-खालचे दात एकमेकांवर बसायचा चावाच चुकलेला आहे हे जास्त. तो बसायला दोनेक वर्षं लागतील. आधी तार, मग रबरं, मग रात्री घालायची पट्टी. खर्च माझ्या पगारातला आहे. आई म्हणते, लग्नाच्या वयात हे काय खूळ. बाबा माझ्या ताटातली भाकरी तेवढी कुस्करून ठेवतात.

शाळेत पहिल्या दिवशी मुलं टकमक बघत राहिली. मी फळ्यावर जबडा काढला आणि त्यातले कोन मोजायला लावले. आता कोणी बघत नाही.

राग ओसरला की लिही. नाही ओसरला तरी लिही.

तुझी,
रागिणी


अकोला,
२४ सप्टेंबर २०२४

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता मी जिभेने माझी टाळू चाचपली. माझीही तशीच आहे. दातांमागे खळगा पडलेला आणि कायमचा हुळहुळता. मला वाटायचं, सगळ्यांचंच तोंड असं असतं. जन्मभर मी वरण निववून खाल्लं. लोक म्हणायचे सत्यभामा फार सावकाश जेवते, आणि मीही तेच म्हणत राहिले.

घराण्याच्या दातांचा जो तोरा मिरवला तो निम्मा मागे घेते. दात पुढे आहेत याची मला लाज नाही, आजही नाही. पण दुखणं काही घराण्याचं म्हणून सांभाळायचं नसतं. तार काढू नकोस. कोणी काढायला सांगितली तर आधी मला कळव.

माझा राग गेला, त्याच्या जागेवर तू बस.

आत्या


अमरावती,
४ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

कळवायची वेळ आली. माझ्या साक्षगंधाला तू गुडघ्यामुळे आली नाहीस, नाहीतर हे तुझ्यासमोरच झालं असतं.

नितेशचं मूर्तिजापूरला बी-बियाण्यांचं दुकान आहे हे बाबांनी सांगितलं असेल. मुलगा मनाचा बरा आहे. पहिल्या भेटीत त्याने विचारलं की तारेनं दुखते का, आणि माझं उत्तर संपेपर्यंत थांबला. म्हणून मी हो म्हटलं. पण अंगठी घालून झाल्यावर त्याच्या आईंनी, मैनाबाईंनी, सगळ्या बायांसमोर माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. म्हणाल्या की पोरगी सोन्यावाणी आहे, फक्त लग्नाआधी हे जाळं काढून टाका, अल्बममध्ये बरं नाही दिसत, मंग लावा पुन्हा. आईने लगेच मान डोलावली. मी नितेशकडे पाहिलं. तो पेढ्यांकडे पाहत होता.

डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. मधेच काढलं तर दात मागे फिरतील आणि आजवरचं सोसलेलं पाण्यात जाईल, असं म्हणाल्या. आईने दुसरा दवाखाना शोधला आहे, संक्रांत झाली की नेणार. जुळलेलं मोडू नको म्हणून रडते. तिची भीती खोटी नाही, म्हणून मला भांडताही येत नाही.

लवकर लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत.

रागिणी


अकोला,
९ जानेवारी २०२५

चि. रागिणीस,
आशीर्वाद. हे कुरिअरने पाठवते आहे.

भांडू नकोस. तुझ्या आईशी, कौशल्येशी, तर मुळीच नको, ती तुझ्या काळजीनेच अर्धी झाली आहे. मला आयुष्यात एक विद्या पक्की येते, ती तुला देते. तोंड मिटून बसणे. दवाखान्यात जा, खुर्चीवर बस, दिवा तोंडावर येऊ दे, पण तोंड उघडू नकोस. डॉक्टर कितीही हुशार असला तरी मिटलेल्या तोंडात त्याचा हात जात नाही. मला हे लाज झाकायला शिकवलं होतं. तू चांगल्या कामाला लाव.

आणि नितेशला वेगळं गाठ. पेढ्यांकडे बघणाऱ्या माणसाला मांडवाआधीच विचारलेलं बरं. लग्न मोडलं तर मोडलं. अकोल्यात माझं घर आहे, दोघींपुरतं वरण मी निववून ठेवीन.

तुझ्या बाजूची,
आत्या


अमरावती,
२० जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

विद्या फळली. खुर्चीवर बसले, दिवा आला, डॉक्टर म्हणाले आ करा, आणि मी मान हलवली. आई कानाशी येऊन म्हणाली की लोकं पाहून राहिले. मी तिच्याकडे बघून तोंड मिटूनच हसले. शेवटी डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि सांगितलं की हिची मर्जी नाही, मी हात लावणार नाही. ऑटोत आई रडली. घरी आल्यावर म्हणाली, तू आत्यावर गेलीस. मी म्हटलं, ते तुला दातांवरूनच कळायला हवं होतं. मग तिलाही हसू आलं.

नितेशला बोलावून सांगितलं की मांडवात तार येईल, नाहीतर मांडवच नाही. तो म्हणाला की त्या दिवशीच बोलाले पाहिजे होतं, आता आईले मीच सांगतो. दोन दिवसांत मैनाबाईंचा निरोप आला, तार राहू द्या. इतक्या सहज मानतील असं वाटलं नव्हतं.

लग्न फेब्रुवारीत आहे. गुडघ्याला सोबत घेऊन ये, पण ये.

रागिणी


मूर्तिजापूर,
२ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्नाचा अल्बम आला आणि सासूबाई इतक्या सहज का मानल्या होत्या ते कळलं.

विडा तोडायचा खेळ तुला आठवत असेलच. मी विडा दातात धरला, नितेशने दुसरं टोक तोडलं आणि पानाची शीर माझ्या तारेत अडकून बसली. सगळा मांडव हसत होता. फोटोग्राफर ओरडत होता की ताई, तोंड मिटून हसा. आणि माझ्या मागे तू अशी हसत होतीस की सगळे दात बाहेर, पदर तोंडाशी न्यायचंही तुला सुचलं नाही. तुला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला तोच फोटो हवा होता.

तो अल्बममध्ये पानभर आहे. पण माझ्या दातांवर तार नाही. सरळ, पांढरेशुभ्र, कोणा दुसरीचेच दात. सासूबाईंनी फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटरवर पुसून टाक. त्या पठ्ठ्याने हात लागलाच आहे तर तुझेही दात आत ढकलले. फोटोत तू ओठ मिटून शहाण्यासारखी गालात हसते आहेस, तुझ्या लग्नाच्या फोटोत आहेस तशी.

मला आधी रडू आलं, मग संताप. जेवताना अल्बम सगळ्यांसमोर ठेवून सांगितलं की हा घरात राहणार नाही, ह्यात मी नाही आणि माझी आत्याही नाही. सासूबाई म्हणाल्या, चांगलं करून दिलं तरी हिले पटत नाही. नितेश ह्या वेळी ताटाकडे बघत बसला नाही. अल्बम काखेत मारला आणि गाडी काढली. फोटो स्टुडिओत मी सांगितलं की माझ्या तारा आणि आत्याचे दात जसेच्या तसे परत पाहिजेत. फोटोग्राफर डोकं खाजवत म्हणाला की पुसून द्या म्हणणारे लई येतात, परत लावून द्या म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या.

त्याने जसाच्या तसा छापून दिलेला फोटो सोबत पाठवते आहे. सासूबाई अजून फुगलेल्या आहेत, पण काल माझी भाकरी त्यांनीच कुस्करली.

तुझी दातवाली,
रागिणी


अकोला,
१४ मे २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे टाळू दाखवायला पुढच्या आठवड्यात अमरावतीला येते आहे. दुखणं काढा म्हणणार आहे. दात मागे न्यायचे की नाही ते मी ठरवीन, ते अजून ठरलेलं नाही.

फोटो मिळाला. खरं सांगते, आधी कपाटात ठेवला होता. स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं, एकदम सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी काढला, चौकट करून आणली आणि बैठकीत आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावली. काल शेजारच्या पार्बताबाई आल्या होत्या. बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बाई, याच्यात तुमचे दात काहून इतके दिसून राहिले.

मी म्हटलं, आहेत म्हणून.

तोंडभर हसणारी,
तुझी आत्या