हरकत कोणाची नाही?

६ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा तडतडत येत आहेत.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शहर कचेरीच्या सभागृहात माझ्या तोंडी भलतंच वाक्य घातलं गेलं. आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी कंपनी निवडायची बैठक. निवृत्तांच्या वतीने मी होते. अध्यक्ष नव्या कंपनीचं नाव पुढे करत होते, तेवढ्यात शिपायाचा हात हलला आणि अर्धा कप चहा माझ्या मांडीवर. बिचारा गडबडला, म्हणून मी त्याला म्हटलं, हरकत नाही. आज इतिवृत्त हाती आलं, तर त्यात लिहिलंय : ‘नव्या कंपनीस निवृत्त प्रतिनिधींची हरकत नाही.’ लिहिणारा कोण? माझा सख्खा भाऊ!

अरे, नव्या कंपनीच्या यादीत आमच्या घरामागचं रुग्णालय नाही. तुझ्या भावोजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. आज ते चालत जातात. यादीतलं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. ते म्हणतात, जाईन हळूहळू. जातील, येतानाचं काय? मशीनवरून उठल्यावर चपलेत पाय घालतानासुद्धा त्यांना भिंत धरावी लागते.

लोभ आहे, वाढवायचा की गोठवायचा, ते तुझं उत्तर पाहून ठरवीन.

— ताई

८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (स्वतःचे कान धरून).

मान खाली घालून लिहीत होतो. तुझा आवाज ओळखला, पण तू कोणाशी बोलतेस ते पाहिलं नाही. खरं सांगू? उभ्या जन्मात तुझ्या तोंडून ‘हरकत नाही’ प्रथमच ऐकलं. इतका हरखलो की लगेच लिहून टाकलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेली सभ्यता तुला नेमकी त्याच दिवशी आठवायची होती का?

आमच्या साहेबांना गाठलं. इतिवृत्त दुरुस्त होईल म्हणाले, पण लिहिणाऱ्याने आपली चूक लेखी कबूल करायला हवी. करार अठरा तारखेला आहे आणि पुढच्या महिन्यात माझ्या बढतीचा निर्णय. म्हणून एक सुचवतो, रागावू नकोस. तूच कळवलंस की फेरविचार केला आहे, तर? काम तेच होईल.

भावोजींना नमस्कार. लोभ गोठवू नकोस, आधीच थंडी भरली आहे.

— धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक चापट राखून.

फेरविचार? त्यासाठी आधी विचार करून होकार दिलेला असावा लागतो! पाणीखात्यात जन्म गेला माझा. गळती एकीकडे आणि ठिगळ दुसरीकडे, असं मी कधी केलं नाही.

कालची गंमत ऐक. निवृत्त मंडळींना वाचनालयात बोलावलं होतं. खुर्च्या संपल्या, लोक खिडकीत बसले! अग्निशमन दलाचे जुने प्रमुख काठी आपटत आले आणि म्हणाले, आग लागली असेल तर आपण अजून तयार आहोत. चहाचा किस्सा सांगितला तेव्हा हसून हसून ठसके लागले सगळ्यांना. कोणी लिहिलं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, अक्षर सुंदर आहे त्याचं. वीस वर्षांनी तरुण होऊन घरी आले बघ.

तिथूनच नव्या कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस म्हणाला, निवृत्तांची हरकतच नाही तर यादी वाढवायची कशाला? बघ, तुझं एक वाक्य कुठवर पोहोचलं. माझं त्या कंपनीशी वैर नाही. आमचं रुग्णालय यादीत घेतलं तर पहिला हात मी वर करीन. पण आमचा नकार आहे हे कळल्याशिवाय ते कशाला घेतील?

तुझे भावोजी म्हणतात, त्याच्या बढतीच्या आड येऊ नकोस, मी बसने जाईन. त्यांना तू ओळखतोस. जातीलच. म्हणून मी त्यांना विचारत नाही, तुला विचारते आहे.

तोवर लोभ तुझ्या नावाने जपून ठेवला आहे. सोमवार, १७ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, साहेबांच्या पोचेच्या सहीसकट तुझ्या कबुलीची प्रत मला मिळाली पाहिजे. फोन करू नकोस. तू फोनवर रडकुंडीला आलास की मी विरघळते. उत्तर लेखीच हवं.

— ताई