ताईचा वाफा

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा जिवाणूंचा डबा येऊन महिना झाला. बॅटरीच्या कारखान्याने आपल्या मातीत शिसं मुरवून ठेवलंय, ते तुझे जिवाणू मातीतच धरून ठेवतात, पिकात चढू देत नाहीत, हे बाबांचं शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवून झालंय. मलाही पाठ झालं.

तू सांगितल्यासारखे पालकाचे दोन वाफे केले. एकाला जिवाणूंचं पाणी, दुसरा तुलनेसाठी तसाच. आणि तसाच ठेवायचा तो माझ्या नावावर! शिकायला तू गेलीस, घरी मी राहिले. आता वाफ्यातही तेच. बाबा सकाळी चहाचा कप घेऊन तुझ्याच वाफ्यापाशी उभे. तुझा हिरवागार, माझा पिवळा पडत चाललाय. स्पष्टच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. त्या जिवाणूंचाही वाटतो. डोळ्यांना दिसत नाहीत, पण भाव किती खातात!

निकाल चांगला लागला तर सरकारी समिती आपली भाजी विकण्यावरची बंदी उठवेल, म्हणून सोसते. जेवत जा वेळेवर. माया आहेच, सध्या जरा आंबट आहे इतकंच.

तुझी ताई


१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली पानं, मुळं, माती, सगळं तपासलं. दोन्ही वाफ्यांच्या पानांत शिसं कमी. मी उडीच मारणार होते, तर तुझ्या वाफ्यातल्या मुळांवरही माझेच जिवाणू निघाले. डब्यातलं उरलेलं तूच ओतलंस ना? हेव्यापायी?

आता तुलनेला वाफाच उरला नाही. फरक जिवाणूंनीच पडला हे कशाच्या जोरावर सांगू? पुढच्या पिकाची हमी कोण देणार, असं म्हणून समितीने कागद परत केले. माझं वर्ष पाण्यात गेलं आणि बाबांच्या भाजीवरची बंदी कायम राहिली.

रागात लिहितेय, तरी नमस्कार घे.

धाकटी


२० डिसेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद देते, नाइलाजाने.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. जळते म्हणून कबूल केलं, तर लगेच चोर ठरले का मी? पत्र तसंच बाबांपुढे आपटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मीच ओतलं. तुझा वाफा सुकताना बघवेना.”

प्रयोग बिघडेल हे त्यांना कळत होतं, तरी ओतलं. तुझं वर्ष गेलं, बंदी राहिली, मला वाईट वाटायला हवं. पण खोटं कशाला लिहू? मी दिवसभर मनातल्या मनात नाचत होते.

रागावलीस तरी लिहीत जा.

ताई


२८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर आळ घेतला, माफ कर. पुन्हा पेरू. या खेपेला मी स्वतः येते आणि बाबांना वाफ्यांपासून लांब ठेवते.

त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. फोन हातात घेतला आणि रडूच आलं. वर्ष फुकट गेलं म्हणून नाही, ताई. माझ्यासाठी बाबांनी आजवर कधीच काही बिघडवलं नाही, म्हणून.

थोडी माया इकडेही धाड.

तुझी धाकटी