दसऱ्याच्या मिठाने निळे झालेले सोने

प्रति,
मा. संचालक साहेब,
सूक्ष्मकण संशोधन संस्था, हैदराबाद

विषय : डॉ. यादगिरी सरांनी स्वतःची चूक माझी नात कु. प्राजक्ता हिच्या माथी मारल्याबाबत.
संदर्भ : आपल्या प्रयोगशाळेतील दसऱ्याची पूजा.

महोदय,

आपण परभणीकडचे असल्याचे समजले, म्हणून मराठीत लिहिते. विनंतीपूर्वक तक्रार की, डॉ. यादगिरी यांचे वागणे शिकल्या माणसाला शोभणारे नाही.

माझी नात त्यांच्या हाताखाली सोन्याचे कण तयार करते. कण इतके बारीक की दिसत नाहीत. दिसते ते कुंकू कालवल्यासारखे लाल पाणी. याला सोने म्हणायचे असते, आणि मी म्हणते. ते साधायला पोरीने अख्खा पावसाळा घालवला.

दसऱ्याला सरांनी घरच्यांना बोलावले. यंत्रांना झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरला टिळा. मग मला म्हणाले, "अम्मा, इस बोतल की भी नजर उतारो, कमिटी आ रई." बाटलीचे झाकण त्यांनीच काढले, फोटोत लाल रंग चमकावा म्हणून. मी मीठ-मोहऱ्या घेऊन उतरवू लागले. मूठ माझी घट्ट होती. मधेच "अम्मा, इधर देखो!" असे फोटोसाठी ओरडले कोण? तेच. मी बघितले, मीठ बाटलीत पडले, आणि लाल पाणी बघता बघता निळे झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, प्रयोग आहे.

नात म्हणते, मिठाने हे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जातो. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते ठाऊक असते. म्हणजे सरांनाही असणार. तरी काम तपासायला आलेल्या कमिटीपुढे त्यांनी सांगितले की, विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नमुना खराब झाला. पोरीला प्रयोगशाळा बंद केली, प्रबंधावरची सही अडवली. वर मला निरोप की, "मी संस्थेत कधी आलेच नाही" असे अम्माने लिहून द्यावे, कारण विज्ञानात नजर-बिजर नसते. निरोप ज्या खोलीतून आला, तिच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली आहे. दसऱ्याचा फोटो सोबत जोडला आहे; टिळा लावून हसणारे ते सर, शेजारची मूठ माझी.

तरी मेहरबानी करून नातीला परत आत घ्यावे व सही देववावी. मीठ माझ्या हातून पडले, हे मी कोणापुढेही सांगेन. मूठ कोणाच्या सांगण्यावरून वळली, तेवढे सरांनी सांगावे.

आपल्यामागे मी सरांना काही बोलले, असे व्हायला नको. काल त्यांच्या खोलीत जाऊन, दार सताड उघडे ठेवून, सगळ्यांदेखत त्यांना हिंदीत जे सुनावले ते मराठीत असे :

"सर, दृष्ट काढलेलं मीठ दुसऱ्याच्या दारात टाकू नये, एवढं आमच्यातल्या अडाणी बाईलाही कळतं. तुम्ही ते माझ्या नातीच्या ताटात टाकलंत. आता पुढच्या दसऱ्याला तुमची दृष्ट तुमच्या मशीनकडूनच काढून घ्या."

आपली, तूर्त नम्र,
श्रीमती भामाबाई हिम्मतराव ढगे
कुकटपल्ली, हैदराबाद
१७ नोव्हेंबर २०२५