खंडेनवमीची रायफल

कॅल्गरी,
६ मे २०२४

ती. आईस,
मृणालिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायला लावतेस आणि कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये जपून ठेवतेस, म्हणून आजपासून पत्रच. निहारकडे स्कारबरोला तुला करमायला लागलं का? की अजून त्याच्या स्वयंपाकघरातले डबे तुझ्या पद्धतीने लावणं चालू आहे?

इथे घर आवरणं जोरात चालू आहे. बाबांच्या पुस्तकांचीच अठरा खोकी झाली. काल बेसमेंटमधल्या फर्नेसमागच्या कपाटातून चादरीत गुंडाळलेली रायफल काढली. घाबरू नकोस, घरात गोळी एकही नाही आणि चापाला बाबांनीच लावलेलं कुलूप आहे. इतकी वर्षं ती घरात होती, पण मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. चापाभोवतीची ती मोठी लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की पुढची गोळी चढते, अशा रायफलीला लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणतात, हेही मला कालच कळलं. ऑफिसातल्या एका शिकारी माणसाला फोटो दाखवला तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, अशी जुनी आणि मूळ स्थितीतली असेल तर आठ-दहा हजार डॉलरलाही जाते! तेव्हापासून मला काही सुचत नाही. तुझ्या गुडघ्यांना लांबच्या विमानप्रवासाचा त्रास होतो ना? पुण्याला जाताना पाय पसरून झोपत जाशील.

एक अडचण आहे, तीही सांगते. लायसन्स बाबांच्या नावावर होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. सरकारी कचेरीत विचारलं. मृत्युपत्राची व्यवस्था माझ्याकडे आहे, म्हणून ती पुरी होईपर्यंत रायफल मला ठेवता येईल. त्यानंतर घरातल्या कुणाकडे लायसन्स हवं, नाहीतर लायसन्स असलेल्याला विकायची, नाहीतर पोलिसांकडे द्यायची. पोलिस तिची मोड करतात. घर विकलं, त्याचा ताबा २८ जूनला द्यायचा आहे, आणि त्याबरोबर मृत्युपत्राचं कामही संपतं. तेव्हा विकायचीच, असं धरून मी किंमत ठरवणारा माणूस शोधते आहे. तुझी हरकत नसेल असं वाटतं. तू तर तिला कायम 'ती काठी' म्हणायचीस.

तब्येत सांभाळ. तुझ्या मायेत काटकसर नको.

तुझी,
मृणाल


स्कारबरो,
१३ मे २०२४

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, चष्मा न पुसताच वाचलं.

माझी हरकत आहे. विकायची नाही, आणि मोड तर मुळीच नाही. ती काठी कुणाची आहे हे तुला माहीत नाही, कारण तेव्हा तू जन्मायची होतीस.

१९७६ साल. पीस रिव्हरच्या वरच्या अंगाला एका खेड्यात तुझे बाबा एकटेच डॉक्टर. दवाखान्यात माणसांची रांग असायची, पण वर्षभरात आमच्या घराचा उंबरा एकाही माणसाने ओलांडला नव्हता. वाईट कुणी नव्हतं गं, फक्त लाजत होते. मीही लाजत होते. मी चहाचे सहा कप मांडून ठेवायची आणि रोज दोनच विसळायची. त्या शरद ऋतूत एमिल नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याची बायको न्यूमोनियाने जाता जाता राहिली. बाबा तीन दिवस तिच्या उशाशी होते. पुढच्या आठवड्यात एमिल घोंगडीत काहीतरी गुंडाळून दारात उभा. त्याची नजर अधू झाली होती, त्याने शिकार सोडली होती, म्हणून बापाकडून आलेली बंदूक डॉक्टरला देत होता. बाबा नको नको म्हणत राहिले.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. पाटावर बाबांचा स्टेथोस्कोप, माझी विळी आणि शिवणाची कात्री मांडलेली. बंदूक ठेवायला दुसरी जागा सुचली नाही म्हणून मी तीही पाटावर ठेवली, आणि ठेवली म्हणून हळद-कुंकू वाहिलं. एमिलने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि पूजा होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग बसला, दोन कप चहा प्यायला, तिसरा मागितला. त्याच्यामागून सगळं गाव आलं. अठ्ठेचाळीस वर्षांत एकही नवमी मी तिच्याशिवाय केलेली नाही.

तेव्हा मीच लायसन्स काढणार. कोर्सला वरच्या वयाची अट नाही, हे निहारच्या केयाने पुस्तिकेत वाचून दाखवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बंदुकीचा कोर्स, म्हणून निहारने कपाळाला हात लावला. मी त्याला सांगितलं, तुझ्या बापाला मी पन्नास वर्षं हाताळलं, ही तर नुसती लोखंडाची आहे. केया माझे रोज प्रश्न घेते, इंग्रजीत, आणि चुकलं की डोळे फिरवते. पण लायसन्स हातात पडायला कित्येक महिने लागतात म्हणे. २८ जून कसा गाठायचा, एवढीच काळजी आहे. किंमत काढायची तर काढ, मलाही ऐकायची हौस आहे. पण गिऱ्हाईक आणू नकोस.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते पोस्टाची वाट पाहत नाहीत.

तुझी आई


कॅल्गरी,
२५ मे २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, आणि मग जमिनीवर बसून पुन्हा वाचलं. सहा कपांचं तू कधी बोलली नाहीस. मला आठवतं ते एवढंच, की शाळेतली मैत्रीण नवमीला घरी आली तेव्हा मी तुझ्या पाटावर टॉवेल टाकून ठेवला होता. अकरा वर्षांची होते, पण टॉवेल टाकताना काय वाटलं ते अजून आठवतं. गेल्या पत्रात मी त्या रायफलीचे लगेच डॉलर केले, याचीही आता लाज वाटते. विकायची नाही, हे ठरलं.

तरी माणूस आधीच सांगून ठेवला होता, तो काल आला. डॅनियल कोवालचुक, सत्तरीचा, इथल्याच शेतकरी घरातला, चाळीस वर्षं जुन्या बंदुकांची किंमत करतो. आल्यावर त्याने हात धुतले, टेबलावर स्वतःचं फडकं पसरलं आणि पंधरा मिनिटं रायफल उलटसुलट करून पाहिली. मी चहा केला तोही विसरला. नळीच्या तोंडाचं माप घेतलं आणि हसला. कारण ही चव्वेचाळीसची जुनी जाड गोळी घेणारी निघाली, आणि दस्ता, नळी, कडी, एकही भाग बदललेला नाही.

मग त्याने मधला लोखंडी भाग उजेडात धरला आणि त्याचा चेहराच उतरला. कारखान्यात लोखंडावर निळसर काळा रंग चढवलेला असतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी तो कितीही मळका, डागाळलेला असला तरी तसाच असावा लागतो, खरी किंमत त्याचीच. आपल्या रायफलीवर तो मधे कुठेच नाही, स्टीलच्या तांब्यासारखी लखलखते आहे. त्याने विचारलं, कुठल्या शहाण्याने ही पॉलिश मशीनवर धरली? मला वाटायचं तू नुसती फडक्याने पुसतेस. तशी नसती तर आठ हजारांची होती, आता दोन हजारांच्या आत.

पण आई, खरी बातमी पुढे आहे! तो म्हणाला की रायफल १८९८ च्या आधी बनलेली असेल आणि गोळी इतकी जाड असेल, तर कायद्याने ती अँटिक धरतात. अँटिकला लायसन्सच लागत नाही! गोळीची अट पुरी झाली आहे. राहिलं साल. ते खालच्या पट्टीवरच्या नंबरावरून कळतं, कोणत्या नंबरापर्यंत कोणत्या वर्षी बनल्या याची यादी त्याच्याकडे आहे. आणि नेमका तोच नंबर घासून इतका पुसट झाला आहे की सहांतले दोन आकडे भिंगातूनही लागत नाहीत. ते दोन आकडे बदलले की साल १८९५ पासून १९०३ पर्यंत कुठेही जातं. अंदाजाने लिहून देणार नाही, म्हणाला. माणूस सचोटीचा आहे, त्याचा राग तरी कसा धरू.

कोर्स सोडू नकोस. आणि मनाला लावून घेऊ नकोस, हे लिहिते आहे खरी, पण तू घेणारच.

तुझीच,
मृणाल


स्कारबरो,
१ जून २०२४

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

मशीनवर कुणी धरली नाही. ती शहाणी मीच.

नवमीच्या आदल्या दिवशी देवाची तांब्याची भांडी घासायची, त्यातच तीही घ्यायची. तुम्ही दोघं शाळेत, बाबा दवाखान्यात. त्या खेड्यात चिंच कुठली मिळायला, तेव्हा लिंबू आणि मीठ. पुढे कॅल्गरीला आल्यावर चिंच मिळाली, मग चिंच आणि शेकोटीची राख. काळं निघालं की मला बरं वाटायचं. मला वाटायचं, एमिलची वस्तू आपण किती स्वच्छ ठेवली. नंतर खोबरेल तेलाचा हात, म्हणून गंज चढला नाही, तेवढं तरी त्या कोवालचुकना सांग. पैशाचं मला काही नाही. पण जी ठेवावी म्हणून धडपडतेय, तिचा नंबर मीच दरवर्षी थोडा थोडा घासून काढला, हे मनातून जात नाही. केयाने कालच्या प्रश्नांत दहापैकी दहा दिले, तरी जेवण गेलं नाही.

नंबराचं म्हणशील तर तो मी इतक्या वेळा पाहिलाय, पण आकडे आठवत नाहीत. मला ते आकडे कधी आकडे वाटलेच नाहीत. मला वाटायचं ते तिचं नाव आहे. पूजा करायची ती नावानिशी, म्हणून पाटावर ती उलटी ठेवून मी कुंकू त्या नंबरावरच लावायची, पाण्यात कालवून, बोट दाबून. दुसऱ्या दिवशी पुसलं की वरचं जायचं, पण खाचांतलं काही केल्या निघायचं नाही. सुईने उकरायचा धीर झाला नाही. त्यामुळे तिथे मळकटही दिसत असेल, त्यांना म्हणावं माफ करा.

एवढंच. खोक्यांनी हात दुखत असेल तुझा. खोकी उचलू नकोस, माणूस लाव.

तुझी आई


कॅल्गरी,
८ जून २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टाच्या पेटीपाशीच फोडलं आणि खाचांतल्या कुंकवापर्यंत वाचून अशी पळत सुटले, की पेटीची किल्ली तिथेच राहिली! बाबांच्या टेबलातलं भिंग आणि एक टॉर्च घेतला. उजेड समोरून पाडला तर काही दिसत नव्हतं. आडवा धरला आणि आई, केसाएवढ्या लाल रेघा! लोखंड वरून सपाट झालंय, पण आकड्यांचा तळ राहिलाय आणि त्या तळात तुझं कुंकू बसलंय.

मी स्वतः वाचलं नाही. मला हवं तेच मी वाचीन अशी भीती वाटली. कोवालचुकना फोन केला, ते तासाभरात आले. त्यांनी त्यांच्या दिव्याखाली पट्टी धरली, प्रत्येक आकडा तीन-तीनदा पाहिला, फोटो मोठे करून पाहिले, मग यादी काढली. मी खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं गवत कापणं पाहत उभी राहिले. माझ्या पाठीमागून त्यांनी शांतपणे साल सांगितलं. १८९६!

मी त्यांना मिठी मारली. ते बिचारे भिंग सावरत होते. ती आपली आहे आई, कुणाच्या लायसन्सशिवाय, कायद्याने. त्यांनी विचारलं, हा लाल रंग कसला? मी सगळं सांगितलं, चिंच, राख, पाट, टोपी काढून उभा राहिलेला एमिल. पॉलिश मशीनबद्दल त्यांनी माफी मागितली आणि वहीत कुंकू या शब्दाचं स्पेलिंग लिहून घेतलं. आठ हजारांचे अठराशे करणारी आणि साल राखणारी एकच बाई त्यांना उभ्या आयुष्यात भेटलेली नाही, म्हणाले. तुला पाहायची त्यांना फार इच्छा आहे.

किमतीचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात मालकाचं नाव लिहायचं असतं. बाबांनी सगळं तुलाच दिलं आहे, म्हणून तुझंच सांगितलं. नीट वाच.

आज खूप दिवसांनी भूक लागली. तू इथे असतीस तर, एवढंच वाटतं.

तुझी,
मृणाल


स्कारबरो,
१५ जून २०२४

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद, आणि यावेळी मोजून नाहीत.

दाखला आला. निहारने मोठ्याने वाचला, मग मी वाचला, मग केयाने वाचला, तिच्या उच्चारात माझं नाव अगदी परक्या बाईचं वाटलं. लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल, १८९६, अँटिक, अठराशे डॉलर. मालक: वनिता आठल्ये. मृणाल, या देशात बावन्न वर्षं झाली. घर, गाडी, बँक, सगळीकडे मी होते, पण तुझ्या बाबांच्या नावाखाली, दुसऱ्या ओळीत. त्यात दुःख नव्हतं, तशी पद्धतच होती. पण या कागदावर पहिलीच ओळ आहे आणि दुसरी नाहीच. मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले, मग तोंड धुऊन निहारला तो कागद फ्रेम करायला पाठवलं. तो म्हणाला, बंदुकीची किंमत कमी आणि फ्रेमची जास्त व्हायची.

आता ती ठेवायची कुठे, हे तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत म्हणे. वस्तू माझी, तेव्हा मी ठरवते. निहारच्या कॉन्डोत आणायची नाही, इथे तिला हवाही लागणार नाही. ती तुझ्याकडे कॅल्गरीत राहील, कुलपासकट. कुणी घासायची नाही, मीसुद्धा नाही. नवमी अकरा ऑक्टोबरच्या सुमारास आहे, पंचांग बघून नक्की कळवीन. विमानाचं तिकीट काढ, साधंच काढ, पाय पसरायचे लाड नकोत. त्या दिवशी कोवालचुकना चहाला बोलाव. आणि तुझ्या शाळेतली ती मैत्रीण कॅल्गरीतच असेल तर तिलाही. पाटावर टॉवेल मी टाकू देणार नाही.

माया कमी पडली तर मागून घे, संकोच करू नकोस.

तुझी आई,
आणि कागदोपत्री मालकीण,
वनिता आठल्ये